वडगावच्या भिंती काउंटर-स्ट्राइकच्या नकाशात: टेक्स्चर बनवण्याचा अनुभव

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भागातली, म्हणजे बेळगावातल्या वडगावची पोरं काउंटर-स्ट्राइक १.६ या कॉम्प्युटरवरच्या गोळीबाराच्या गेमचा एक नवा नकाशा, म्हणजे खेळायची नवी जागा, खेळायला लागली. त्यातल्या जांभ्याच्या भिंती, कौलं, खिडकीचे गज, दुकानांच्या पाट्या हे सगळं बेळगाव आणि खानापूर भागातलं आहे. नकाशाची बांधणी माझ्या मावसभावानं केली. भिंतींवर चढवायची चित्रं, म्हणजे टेक्स्चर, मी केली. मे २०२५ मध्ये हात घातला आणि ऑक्टोबरात काम संपलं. सुरुवातीला मराठीत वाचायला काहीच मिळालं नाही, आणि इंग्रजीत जे होतं ते फार जुनं आणि तुकड्यातुकड्यांत होतं. आपल्या गावची गल्ली गेममध्ये घालावी असं ज्यांना वाटतं त्यांना थोडं सोपं जावं, म्हणून घडलं तसं क्रमानं लिहिते.

मी खडेबाजारात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांची बिलबुकं, मराठी आणि कन्नड दोन्ही. फोटो एडिटिंगचा हात होता, पण गेमचं काम वेगळ्याच शिस्तीचं निघालं. छपाईत चित्र जितकं मोठं तितकं चांगलं. इथं सगळं उलट. काउंटर-स्ट्राइक १.६ ज्या इंजिनवर चालतो ते १९९८ च्या हाफ-लाइफ या गेमचं, आणि त्याच्या मागे क्वेक या त्याहून जुन्या गेमचं इंजिन. त्या काळच्या कॉम्प्युटरला झेपेल अशीच त्याची रचना आहे. टेक्स्चरची लांबी-रुंदी १६ नं भाग जाईल अशीच हवी. एका टेक्स्चरमध्ये जास्तीत जास्त २५६ रंग. नाव पंधरा अक्षरांच्या आत, मध्ये जागा सोडायची नाही. ही सगळी चित्रं वॅड नावाच्या एका फायलीत भरायची. प्रत्येक चित्राच्या चार प्रती त्यात बसतात: मूळ, निम्मी, पाव आणि एक अष्टमांश. भिंत लांब गेली की इंजिन लहान प्रत दाखवतं. म्हणजे २५६ पिक्सेलची भिंत लांबून पाहताना ३२ पिक्सेलची झालेली असते, आणि तेवढ्यातही ती जांभ्याची वाटली पाहिजे. हे आधी कळलं तर फोटो काढतानाच नजर बदलते. बारीक भोकं, खरवड यांच्यापेक्षा चिऱ्यांची मोठी रेघ आणि रंग महत्त्वाचे ठरतात.

भावानं एवढा जुना गेम का निवडला, तर आमच्या ओळखीच्या नेट कॅफेतल्या मशिनवर दुसरं काही नीट चालत नाही. मला ते बरंच वाटलं. या इंजिनवर शिकलं की टेक्स्चरचं मूळ गणित हाताला बसतं, पुढे कुठलाही नवा गेम असो.

सॉफ्टवेअरला पैसे घातले नाहीत. चित्रांसाठी गिंप, वॅड भरायला वॉली, नकाशासाठी भावाकडे जॅक हा एडिटर. गिंपची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली होती आणि तिचा एक मोठा फायदा झाला: चित्र धूसर करणाऱ्या ब्लरसारखे फिल्टर आता लेयरवर (चित्रावर चढवलेल्या थरावर) वेगळे राहतात, नंतर आकडा बदलता येतो. खर्च झाला तो लॅपटॉपच्या रॅमवर, जुन्यातली घेतली तरी चौदाशे रुपये. शिवाय पन्नास फुटी टेप, वही आणि झेरॉक्स. फोटो माझ्या फोननंच काढले. भारी कॅमेरा लागत नाही, कारण शेवटी २५६ पिक्सेलच उरायचे असतात.

मे महिन्यात ऊन होतं आणि उन्हात काढलेला एकही फोटो कामाचा नाही, हे पहिल्यांदा समजलं. कारण असं. नकाशा तयार होताना रॅड नावाचा प्रोग्रॅम स्वतः उजेड-सावली मोजून भिंतीवर चढवतो. भावानं सूर्य पश्चिमेला ठेवला आणि माझ्या फोटोत चिऱ्याची सावली पश्चिमेलाच पडलेली असली, तर डोळ्याला ते लगेच खटकतं. काय चुकलंय हे सांगता येत नाही, पण भिंत खोटी वाटते. म्हणून फोटो हवा ढगाळ हवेतला. सावली नाही, चमक नाही, सगळीकडे सारखा उजेड. आणि बेळगावला ढगांची काय कमी! जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून आलं पण भिंती अजून भिजल्या नव्हत्या, ते दिवस सोन्यासारखे. जांभा तेव्हा तांबडा, कोरडा, स्वच्छ दिसतो. एकदा पाऊस लागला की तोच दगड काळपट होतो, शेवाळ धरतो, पाण्यानं चकाकतो. शेवाळाची भिंतही मला हवी होती, ती सप्टेंबरात पावसानं उघडीप दिल्यावर घेतली.

फोटो काढायची पद्धत सांगते. भिंतीसमोर अगदी काटकोनात उभं राहायचं, जमेल तितकं मागे सरकायचं आणि दुप्पट झूमची लेन्स वापरायची. जवळून काढलं तर कडेचे चिरे वाकतात. फोनचं एचडीआर बंद. उजेडाची मात्रा आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद, नाहीतर एकाच भिंतीचे दोन फोटो दोन रंगांचे येतात. पहिल्या फोटोत भिंतीला टेकवून एक कोरा पांढरा कागद धरायचा, घरी त्यावरून रंग जुळवता येतो. आणि टेप लावून मोजायचं, वहीत लिहायचं. मोजमापाला लोक कंटाळतात. पण नकाशात खरेपणा येतो तो इथूनच.

कॅम्प भागात मात्र फोन खिशात ठेवा. लष्कराच्या जागा, तिथल्या कुंपणभिंती कितीही सुंदर असोत, फोटोला मनाई असलेल्या पाट्या आहेत आणि त्या पाळायच्याच. किल्ल्यातली कमलबसदी, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, मात्र पुरातत्त्व खात्याकडे आहे. १२०४ सालचं रट्ट राजांच्या काळातलं ते काम पाहायला मी आणि भाऊ गेलो होतो. हातात धरलेल्या फोनच्या फोटोला हरकत नसते, तिकाटणं लावायचं असेल तर आधी परवानगी लागते. छतावरचं ते दगडी कमळ पाहून कुणालाही मोह होईल. पण आमचा नकाशा गोळीबाराचा. देऊळ असो, बसदी असो, मशीद असो, पूजेच्या जागेचा दगड अशा नकाशात घालायचा नाही, हे मी आणि भावानं तिथंच ठरवून टाकलं आणि परत आलो.

मला हवी होती ती भिंत एका जुन्या सरकारी मराठी शाळेची. त्रिकोणी आढ्याखालची सबंध उभी भिंत, गिलावा नसलेली, मध्ये एकही खिडकी नाही. मुख्याध्यापिका बाई चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, "फोटो काढा की, माझी काय हरकत नाही. पण वरनं पत्र आणा, मग मला बी बरं आणि तुम्हाला बी बरं." म्हणून शिक्षण खात्याच्या तालुका पातळीवरच्या कार्यालयात अर्ज दिला. अर्ज कन्नडमध्ये लिहिला. मला कन्नड वाचता येतं, टाइपही करते, पण सरकारी अर्जाचं वळण वेगळं, म्हणून आमच्या दुकानात पत्रिका द्यायला येणाऱ्या एका कन्नड शाळेच्या मास्तरांकडून मजकूर तपासून घेतला. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कुठल्या भिंतीचे फोटो, कशासाठी, मुलं फोटोत येणार नाहीत, शाळेचं नाव कुठं दिसणार नाही. सोबत आधारची झेरॉक्स आणि नमुना म्हणून आधी केलेल्या एका टेक्स्चरचा प्रिंट. तो प्रिंट फार उपयोगी पडला. "गेमसाठी भिंतीचा फोटो" हे तोंडी सांगून कुणाला पटकन कळत नाही. कागदावर चौकोनी भिंत दिसली की टेबलापलीकडचा माणूस लगेच म्हणतो, हां, एवढंच होय.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. पुढच्या प्रत्येक खेपेला तोच क्रमांक विचारतात. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, पुस्तकं-गणवेशाची धांदल, त्यामुळे पत्र यायला जुलै उजाडला. वाट पाहताना जीव खालीवर होत होता, कारण बाहेर पाऊस लागलेला आणि माझी कोरडी भिंत भिजत होती. पण आढ्याची भिंत वळचणीच्या आडोशाला होती, वरचा अर्धा भाग कोरडाच राहिला होता. पत्रात तीन अटी: रविवारी काढायचे, शाळेचा कर्मचारी हजर पाहिजे, आणि काम झाल्यावर त्याची एक प्रत कार्यालयाला द्यायची. शिपाईमामा सकाळी किल्ल्या घेऊन आले, टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.

आता ते मोजमाप. या गेममध्ये खेळाडू ७२ युनिट उंच आणि ३२ युनिट रुंद असतो. एक युनिट म्हणजे एक इंच धरा, सहा फुटी माणूस झाला. टेक्स्चर जसंच्या तसं लावलं तर एक पिक्सेल एक युनिट व्यापतो, म्हणजे २५६ चं चित्र एकवीस फुटांवर ताणलं जातं आणि चिरे राक्षसी नाहीतर धूसर दिसतात. म्हणून स्केल अर्धा ठेवायचा: २५६ पिक्सेल १२८ युनिटांत, म्हणजे दहा फूट आठ इंचांत. शाळेच्या भिंतीतला चिरा सांध्यासकट सोळा इंच लांब भरला. आठ चिरे म्हणजे बरोबर १२८ इंच! उंची सांध्यासकट साडेदहा इंच, बारा थरांचे १२६, ते दोन इंच गिंपमध्ये ताणून घेतले. थरांची संख्या मात्र समच हवी. चिरेबंदी भिंतीत एका थराचा सांधा वरच्या थराच्या चिऱ्याच्या मध्यावर येतो. थर विषम धरले तर टेक्स्चर वरखाली जुळताना सांध्यावर सांधा येतो, आणि कुठलाही गवंडी अशी भिंत बांधत नाही.

गिंपमधलं काम असं चाललं. आधी पर्स्पेक्टिव्ह टूल, त्यात दिशा 'करेक्टिव्ह' निवडायची आणि जाळीचे कोपरे फोटोतल्या थरांच्या रेघांवर नेऊन ठेवायचे. भिंत सरळ होते. मग आठ चिरे, बारा थर मोजून कापायचं आणि १०२४ पिक्सेलच्या चौकोनात आणायचं. काम मोठ्या आकारात करायचं, लहान अगदी शेवटी.

पुढची पायरी उजेड सारखा करण्याची. ढगाळ हवेतही वळचणीखालचा भाग थोडा अंधारा येतोच. चित्राच्या लेयरची प्रत काढायची, तिचा रंग काढून राखाडी करायची, तिच्यावर मोठ्या आकड्याचा गॉशियन ब्लर द्यायचा, इतका की चिरे दिसेनासे होऊन फक्त उजेड-अंधाराचा ढग उरला पाहिजे. मग त्या लेयरचा मोड 'ग्रेन एक्स्ट्रॅक्ट' करायचा. वरपासून खालपर्यंत भिंत एकसारखी होते. रंग जरा फिका पडतो, तो लेव्हल्सनं परत जागेवर आणायचा. ब्लरचा आकडा कमी ठेवला तर चिऱ्याचिऱ्यातला फरकही पुसला जातो आणि भिंत निर्जीव होते, म्हणून इथं घाई नको.

त्यानंतर जोड लपवणं. लेयरच्या मेन्यूत ट्रान्सफॉर्म, त्यात ऑफसेट. रुंदी आणि उंची निम्म्यानं सरकवायची, बाहेर गेलेला भाग दुसऱ्या बाजूनं आत येऊ द्यायचा. आता चारही कडा आपोआप जुळलेल्या असतात आणि जोड मधोमध अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. तो क्लोन (दुसरीकडचा भाग जसाच्या तसा आणणारं) आणि हील (आजूबाजूच्या रंगात मिसळून लावणारं) या टूलनं भरायचा. सांध्याच्या रेघेवर क्लोन, दगडाच्या पोटात हील. उलटं केलं तर सांधे पुसट होतात. गिंपमध्ये 'टाइल सीमलेस' नावाचा तयार फिल्टर आहे, पण तो चित्रावर चित्र मिसळतो. माती, वाळू, साधा गिलावा यांना चालतो, चिऱ्यांच्या भिंतीला नाही, एका चिऱ्यात दुसऱ्याची सावली दिसते. क्रिता हेही मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात डब्ल्यूची कळ दाबली की चित्र चारही बाजूंनी पसरलेलं दिसतं आणि तसंच रंगवता येतं. शेवाळाच्या भिंतीचं बरंच काम मी तिथं केलं.

पहिली भिंत तयार झाली तेव्हा जोड कुठंच दिसत नव्हता. मी चित्र कॉपी केलं, मोठा कोरा चौकोन घेऊन त्यात पॅटर्न म्हणून भरलं, आणि बाबांना हाक मारली. आमच्या घरी माग आहे. बाबांनी उभं आयुष्य साडीचे काठ विणण्यात घातलं, आधी हातमागावर, आता पॉवरलूमवर. त्यांनी चष्मा लावून एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "जोड नाही दिसत. पण रिपीट दिसायलाय की तुझा." मला दिसेना. त्यांनी बोट ठेवलं: एका चिऱ्यावर पांढरा डाग होता, खाली तिरकस एक काळा ओघळ. सोळा वेळा भरलेल्या चित्रात तो डाग सोळा वेळा, ओळीनं, मापात. "बुट्टी असती तर बरोबर होतं. ही भिंत हाय." बुट्टी म्हणजे साडीवर मापात परत परत येणारी नक्षी.

या कामातली खरी अडचण हीच आहे, आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला. भिंतीची ओळख तिच्या डागांत असते. पान खाऊन टाकलेली पिचकारी, निवडणुकीचं पुसलेलं चिन्ह, पन्हाळीखालचा ओघळ, निघालेला चिरा. ते सगळं काढून टाकलं तर जोड नाही, रिपीट नाही, पण भिंत जगातल्या कुठल्याही भिंतीसारखी. ठेवलं तर दर दहा फुटांवर तोच डाग. बाबांनी सांगितलेला मार्ग मागावरचाच: अंग वेगळं, बुट्टा वेगळा. म्हणून मी मूळ टेक्स्चर शांत केलं, लांबून नजरेत भरणारं त्यात काहीच ठेवलं नाही. लांबून काय भरतं हे ओळखायला चित्र ३२ पिक्सेलवर आणून बघायचं. त्यातही जे टिकतं ते रिपीट होणार. मग त्याच भिंतीच्या आणखी दोन आवृत्त्या केल्या, एकीत खालचे दोन थर मातीनं तांबूस, दुसरीत वर शेवाळ. तिन्हींच्या कडा एकच, त्यामुळे भाऊ त्या कशाही शेजारी लावू शकत होता. आणि खरे डाग वेगळ्या पारदर्शक टेक्स्चरमध्ये काढले. ते भिंतीपुढे एक युनिटाच्या पातळ पट्टीवर लावतात, अख्ख्या नकाशात एकेकदाच. पन्हाळीचा ओघळ पन्हाळीखालीच. इतकं केल्यावर बाबांना परत बोलावलं. ते बराच वेळ बघत बसले आणि काही न बोलता चहा प्यायले. आमच्याकडे ह्याचा अर्थ पसंत असा होतो.

पारदर्शक टेक्स्चरचे नियम सांगते, कारण इथं बरेच जण अडतात. नावाची सुरुवात उघड्या महिरपी कंसानं करायची. रंगांच्या यादीतला शेवटचा, म्हणजे शून्यापासून मोजून २५५ वा रंग शुद्ध निळा हवा: लाल ०, हिरवा ०, निळा २५५. गेममध्ये जिथं तो रंग असेल तिथून आरपार दिसतं. गिंपमध्ये चित्र आधी २५५ रंगांवर आणा आणि कलरमॅपमध्ये, म्हणजे रंगांच्या यादीत, शेवटी हा निळा जोडा, तो आपोआप शेवटच्या क्रमांकावर बसतो. कडा मऊ ठेवू नका, नाहीतर गजांभोवती निळसर झालर दिसते. नकाशात त्या वस्तूचा रेंडर मोड 'सॉलिड' आणि एफएक्सचा आकडा २५५ ठेवायचा. आमच्या वाड्यातल्या गजांच्या खिडक्या, शेताच्या कडेची तारेची जाळी आणि वर सांगितलेले डाग, सगळं याच पद्धतीनं झालं. विहिरीच्या पाण्याच्या नावाआधी उद्गारचिन्ह लागतं. फडफडणाऱ्या ट्यूबलाइटसाठी अधिकचं चिन्ह आणि शून्य, मग एक, दोन असे आकडे. इंजिन ती चित्रं एकामागून एक दाखवतं.

कौलांसाठी खानापूरला गेले. छपराचा फोटो जमिनीवरून सरळ येत नाही आणि छपरावर चढणं मला जमणारं नव्हतं. खानापूरची माती कौलांची, तिथं मंगळुरी कौलं पाडणारे कारखाने आहेत. अनंत चतुर्दशी झाली, विसर्जनाच्या जागरणातून गाव सावरलं आणि मी सकाळची बस धरली. शक्ती योजनेमुळे कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, आधार दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतं. म्हणजे प्रवासखर्च नाही. एका कारखान्याच्या मालकांना आधी फोन केला होता. त्यांनी कामगार दादांना सांगून शेडखाली सहा बाय सहा कौलं खऱ्या छपरासारखी एकावर एक चढवून जमिनीवर मांडून दिली. मी स्टुलावर उभी राहून वरून फोटो काढले. शेडमधला उजेड ढगाळ दिवसासारखाच मऊ होता. नवी कौलं लालभडक असतात, म्हणून मागच्या ढिगातली जुनी, काळी पडलेली कौलंही मागून घेतली आणि मध्येमध्ये बसवली. कामगार दादा म्हणाले, "ताई, छपराला ढाळ असतो, फोटोत कसा दावणार?" तो नकाशात येतो, तिरप्या पृष्ठावर टेक्स्चर लावलं की झालं. फक्त पृष्ठाला चिकटवून लावण्याचा पर्याय निवडायचा, नाहीतर उतारावर कौलं ताणली जातात. पैसे घेतले नाहीत, उलट चहा पाजला.

पाट्यांसाठी खऱ्या दुकानांचे फोटो वापरले नाहीत. नावं, फोन नंबर लोकांचे असतात. रंगवलेल्या जुन्या पत्र्याचा पोत फोटोतून घेतला आणि अक्षरं स्वतः मांडली: किराणा, पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती, शिवणकाम. आमच्या रस्त्यावर पाटीवर कन्नड आणि मराठी शेजारी असतात, तशीच ठेवली. दोन्ही लिप्या एका हातानं रंगवल्यासारख्या दिसाव्यात म्हणून 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा बलू हा फॉन्ट घेतला, त्याची देवनागरी आणि कन्नड अशी दोन्ही रूपं आहेत आणि परवाना खुला आहे. १२८ पिक्सेलच्या पाटीवर बारीक अक्षर वाचता येत नाही. वेलांटी, मात्रा सगळ्यात आधी चिकटतात. एका पाटीवर दोनच शब्द, जाड अक्षर आणि मागे एकच सपाट रंग.

शेवटी चित्र २५६ वर आणायचं, किंचित शार्प करायचं, इमेज मेन्यूतून मोड इंडेक्स्ड, म्हणजे ठरावीक रंगांच्या यादीचा, करायचा. जांभ्याला २५६ रंग भरपूर होतात, सगळे तांबडे-तपकिरीच. डिथरिंग, म्हणजे कमी रंग लपवायला ठिपके मिसळणं, मी बंद ठेवते, लांबून भिंत चमचमते त्यानं. मग बीएमपी म्हणून काढायचं, आणि तिथं रंगाच्या माहितीची नोंद लिहू नये असा पर्याय आहे तो निवडायचा. जुने प्रोग्रॅम त्या नोंदीवर अडतात. वॉलीमध्ये हाफ-लाइफचा वॅड निवडून सगळी चित्रं भरायची. वॅड बदलला की एडिटर बंद करून परत उघडायचा. २५६ चं एक टेक्स्चर चारही प्रतींसकट सुमारे ८६ किलोबाइट भरतं, त्यावरून फायलीचा अंदाज आधीच येतो.

नकाशा पक्का करायची, म्हणजे एडिटरमधल्या नकाशाची गेममध्ये चालेल अशी फाइल बनवायची पाळी दसऱ्यानंतर आली. चार प्रोग्रॅम ओळीनं चालतात: सीएसजी, बीएसपी, व्हिस आणि रॅड. भावानं सीएसजीला वॅड नकाशातच सामावून घ्यायची सूचना दिली. हे नक्की करा. नाहीतर दुसऱ्याच्या मशिनवर वॅड नसला की नकाशा उघडतच नाही. दिव्यांची टेक्स्चर लाइट्स डॉट रॅड या साध्या मजकुराच्या फायलीत लिहायची, नाव आणि पुढे चार आकडे: लाल, हिरवा, निळा आणि तीव्रता. आमच्या गल्लीतल्या सोडियमच्या दिव्याचा पिवळा जमवायला बराच वेळ गेला, कारण प्रत्येक बदलाला रॅड परत चालवावा लागतो आणि तो रात्रभर चालायचा. मध्ये लाईट गेली की पहिल्यापासून. लॅपटॉपची बॅटरी धड नसेल तर आधी यूपीएसची सोय बघा.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी कॅफेतल्या सगळ्या मशिनवर नकाशा टाकला. पोरं पहिली काही मिनिटं खेळलीच नाहीत, भिंती बघत फिरत होती. एक जण म्हणाला ही आमच्या आज्जीच्या घराची खिडकी आहे. ती खिडकी दुसऱ्याच वाड्याची होती, मी काही बोलले नाही. दुसऱ्याला पीठगिरणीची पाटी वाचता आली याचाच आनंद. मग खेळ सुरू झाला आणि भिंतींकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही, तसंच व्हायला हवं होतं.

पत्रातली तिसरी अट बाकी होती. नकाशातली शाळेची भिंत दाखवणारे चार प्रिंट, पेन ड्राइव्हवर टेक्स्चरची प्रत आणि कन्नडमधलं आभाराचं पत्र घेऊन कार्यालयात गेले. जुना आवक क्रमांक सांगितला, फाइल निघाली. तिथल्या क्लार्क बाईंनी प्रिंट शेजारच्या टेबलावर फिरवले, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. तेच प्रिंट शाळेच्या बाईंना आणि खानापूरला कौलवाल्या मालकांनाही पोचवले. भिंती, कौलं आणि पाट्यांचा वॅड मी इतरांना वापरायला मोकळा ठेवला आहे. शाळेचे मूळ फोटो मात्र देत नाही, परवानगी फक्त या कामापुरती होती.